आधी घरच्या बोलीत सांगा

मंगळवारी सकाळी बालाघाटच्या कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. हातात अर्ज घेऊन माणसं रांगेत उभी असतात. कुणाच्या जमिनीची नोंद अडलेली, कुणाची पेन्शन. रांगेत उभ्या उभ्या ती शेजारच्याला आपलं गाऱ्हाणं इतकं नेटकं सांगतात की ऐकणाऱ्याला उलट काही विचारावंच लागत नाही. नंबर लागून पुढे गेलं, की मात्र ‘महोदय, सविनय निवेदन है’पासून सुरुवात होते. वाट्याला आलेली दोन मिनिटं सरतात आणि मूळ गोष्ट ओठांवरच राहते.

सादरीकरण म्हटलं की आपल्याला पडदा, प्रोजेक्टर आणि इस्त्रीचे कपडे आठवतात. पण त्या टेबलापुढची दोन मिनिटं हेसुद्धा सादरीकरणच आहे. बँकेत कर्जासाठी बचत गटाची बाजू मांडणारी दीदी, कॉलेजच्या सेमिनारमध्ये उभी राहणारी मुलगी, व्यापाऱ्यापुढे आपला तांदूळ ठेवणारा शेतकरी, पंचायतीत तलावाच्या गाळाचा विषय काढणारा तरुण, हे सगळे तेच करत असतात. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी या भागातल्या अशा बऱ्याच जणांच्या तयारीला मी बसलो आहे. हुशारी कमी पडलेली मला कुठेच दिसली नाही. विषयाची माहितीही त्यांना नेमून दिलेल्या तज्ज्ञांपेक्षा जास्त असते. चुकतो तो क्रम.

आपल्या जिल्ह्याचं भाषेचं गणित समजून घेतल्याशिवाय हा क्रम कळणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपली राजधानी नागपूर होती. राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ तिकडे गेला आणि वैनगंगेकाठचा आपला जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. कागद हिंदीत गेले, शाळा हिंदीत गेल्या. पण सोयरीक गोंदिया, तुमसर, भंडाऱ्याकडचीच राहिली. घरात कुठे मराठी, कुठे पोवारी, बैहरकडे गोंडी. म्हणजे आपल्याकडचा मुलगा विचार करतो एका भाषेत, बोलतो दुसऱ्या भाषेत, आणि स्लाइड बनवायला बसला की इंग्रजीत बनवतो. तीही बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी पीपीटीवरून उतरवून. प्रत्येक उड्डाणात मजकुरातलं काहीतरी सांडतं. शेवटी पडद्यावर जे उरतं ते ‘उद्दिष्टे’, ‘प्रस्तावना’, ‘महत्त्व’ असं कुणाचंही असू शकेल असं काहीतरी.

म्हणून माझा आग्रह एकच असतो. आधी घरच्या बोलीत तोंडी सांगा. मग ऐकणाऱ्याच्या भाषेत आणा. स्लाइड सगळ्यात शेवटी.

तांदळाची गोष्ट

हे कसं घडतं ते एका गटाच्या तयारीवरून सांगतो. वारासिवनीच्या बाजूच्या काही शेतकरी बायांना बाहेरगावच्या खरेदीदारांपुढे दहा मिनिटं चिन्नोरबद्दल बोलायचं होतं. चिन्नोर हा आपला सुवासिक तांदूळ. ‘बालाघाट चिन्नोर’ या नावानं २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे सगळे ज्याला जीआय टॅग म्हणतात ते, मिळालं. गटातल्या एकीच्या भाच्यानं मोठ्या मेहनतीनं बावीस स्लाइडची पीपीटी तयार केली होती. पहिल्या स्लाइडवर गटाचा फोटो, दुसरीवर पाहुण्यांचं स्वागत, तिसरीवर गटाची स्थापना, चौथीवर उद्दिष्टे. चिन्नोर शब्द पहिल्यांदा आला नवव्या स्लाइडवर. जीआय टॅग चौदाव्या.

मी लॅपटॉप मिटायला सांगितला आणि बोलणार होत्या त्या दीदींना विचारलं, घरी चिन्नोर रांधता तेव्हा काय होतं? त्या क्षणभर थांबल्या. मग पोवारीत बोलायला लागल्या. चिन्नोर शिजतो तेव्हा शेजारी न सांगता कळतं, म्हणाल्या. गल्लीतून जाणारा माणूस विचारतो, आज कोण पाहुणं आलं? मी विचारलं, मग सगळ्या बांधीत चिन्नोरच का नाही लावत? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. ते धान उशिरा पिकतं, बाकीच्यांची कापणी होऊन जाते तरी हे शेतात उभंच. उंच वाढतं, वाऱ्यानं लोळतं. उतारा कमी. जास्त खत घालून वाढवायला जावं तर आणखी लोळतं. मग लावायचं का? तर घरच्यासाठी, देवासाठी, लेकीच्या घरी पाठवण्यासाठी. विकण्यासाठी लावायचं तर भाव तसा मिळायला हवा.

तीन मिनिटं झाली होती. त्या तीन मिनिटांत सगळं आलं होतं: माल काय आहे, त्यात वेगळं काय, तो महाग का पडतो आणि आम्हाला काय हवं. बावीस स्लाइडमध्ये यातलं एकही वाक्य नव्हतं. भाच्यानं वहीच्या पाठकोऱ्या पानावर ते उतरवून घेतलं, तेव्हा त्याच्याही लक्षात आलं की सादरीकरण तयार आहे, फक्त ते पडद्यावर नव्हतं, मावशीच्या तोंडात होतं.

तुम्हाला हे एकट्यानंही करता येईल. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि घरातल्या अशा माणसाला विषय सांगा ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही. आजी असेल तर उत्तम, कारण आजी भिडेखातर मान डोलावत नाही. ती जिथे ‘म्हणजे काय?’ विचारेल ती जागा नोंदवा. तिथे तुमचा शब्द जड आहे किंवा मधली एक पायरी सुटली आहे. ती जिथे पुढे सरकून बसेल ती जागा तर नक्की नोंदवा. तुमची सुरुवात बहुधा तिथेच आहे. मग रेकॉर्डिंग ऐका. ऐकायला संकोच वाटतो हे खरं आहे, सगळ्यांनाच वाटतो. तरी एकदा पूर्ण ऐका आणि जे सांगितलं त्याच क्रमानं कागदावर उतरवा. नंतर नीटनेटका क्रम लावायला जाऊ नका. तोंडी सांगताना आपण आपसूक महत्त्वाचं आधी सांगतो, लिहायला बसलो की पाल्हाळ आधी येतं.

समोर कोण बसलंय

घरच्या बोलीत मजकूर हाती आला, की पुढचा प्रश्न: ऐकणाऱ्याला यातलं काय लागणार आहे? एकाच चिन्नोरचं सादरीकरण तीन ठिकाणी तीन प्रकारचं होईल. खरेदीदाराला हवं असतं की माल किती, कधी, कसा भरलेला आणि काय भावानं. बँकेच्या मॅनेजरला गल्लीतल्या घमघमाटाशी देणंघेणं नसतं. पैसा कधी परत येणार आणि धान लोळलं तर काय करणार, हे त्याला कळायला हवं. कृषी महाविद्यालयाची मुलं आली, तर त्यांना बियाणं कसं राखता ते सांगा. मजकूर तोच, पण दार वेगळं.

यासाठी एक साधी सवय लावून घ्या. कागदाच्या वरच्या टोकाला लिहा की हे ऐकून समोरच्यानं नेमकं काय करावं असं मला वाटतं. ‘माहिती मिळावी’ असं लिहू नका. ‘पन्नास किलोचा नमुना मागवावा’, ‘नाल्यावरच्या पुलाचा ठराव घ्यावा’, ‘मला ही इंटर्नशिप द्यावी’ असं लिहा. मग मजकुरातली प्रत्येक ओळ त्या वाक्याजवळ धरून पाहा. जी ओळ त्याच्या कामाची नाही ती कितीही आवडती असो, काढा. काढताना जीव तुटतो, पण दहा मिनिटं म्हणजे फार थोडा वेळ आहे. माझ्या घड्याळात मोजलं तर निवांत, समजेल असं बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. दहा मिनिटांत हजारभर. त्यातली दोन मिनिटं प्रश्नांना ठेवली तर आठशे. फुलस्केपची तीनेक पानं. यापेक्षा जास्त मजकूर असेल तर तुम्ही धावणार आणि ऐकणारे मागे राहणार.

कीर्तनकारांनी हे फार पूर्वी ओळखलेलं आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एका अभंगाचं निरूपण होतं आणि उत्तररंगात त्याच मुद्द्यावरचं आख्यान. दोन तास बसलेला माणूस घरी जाताना दहा विषय घेऊन जात नाही. एकच धागा, तो एकदा विचारातून आणि एकदा गोष्टीतून. आपल्या दहा मिनिटांनाही हेच लागू आहे.

आकडा हातात द्या

आकड्यांवर थोडा जास्त वेळ थांबतो, कारण आपल्याकडची चांगली चांगली सादरीकरणं इथेच विझतात. २०११च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या. हा आकडा नुसता पडद्यावर टाकला तर कुणी मान वर करणार नाही. त्याच्याशेजारी त्याच जनगणनेतला राज्याचा आकडा ठेवा: ९३१. आता खोलीतला प्रत्येक जण विचार करायला लागतो. शेजार मिळाला की आकडा बोलतो. मात्र लगेच कुणीतरी विचारणार, असं का? उत्तराची तयारी नसेल तर कारणं रचू नका. ‘आकडा जनगणनेचा आहे, कारणांचा अभ्यास मी केलेला नाही’ असं शांतपणे म्हणा. एवढ्यानं विश्वास वाढतोच. एक रचलेलं कारण पकडलं गेलं, तर मात्र तुमचे बाकीचे नऊ खरे आकडेही संशयात जातात.

दुसरी गोष्ट, आकडा ऐकणाऱ्याच्या मापात आणा. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीबद्दल एक विद्यार्थी बोलणार होता. खनिजात तांब्याचं प्रमाण साधारण एक टक्का, हे त्यानं लिहिलं होतं. मी म्हटलं, पोत्यात सांग. शंभर किलोचं पोतं भरून खनिज फोडलं, तर हाती किलोभर तांबं. लोट्याएवढं. त्या एका वाक्यानंतर खाण एवढी प्रचंड का खोदावी लागते, उरलेल्या दगडाचं काय करायचं हा प्रश्न का उभा राहतो, हे त्याला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. घरची वडीलधारी माणसं अजून धान खंडीत मोजतात, बाजार क्विंटलमध्ये आणि शहरातला गिऱ्हाईक किलोत. तुम्ही ज्याच्याशी बोलताय त्याचं माप वापरा, आणि हा हिशेब घरीच करून न्या, उभ्यानं करू नका.

आणि जिथे वस्तू नेता येते तिथे चित्र दाखवू नका. भरवेलीच्या मँगनीजवर बोलायचं असेल तर खनिजाचा काळा तुकडा पहिल्या रांगेत हातात द्या. दिसतो त्याहून तो किती जड आहे हे ज्याच्या तळहातावर पडतं त्याला स्लाइडची गरज उरत नाही. तुकडा शेवटच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर खोलीचं लक्ष तुमच्याकडे असतं.

महत्त्वाचा आकडा चुकीच्या जागी लिहिला तर काय होतं याचं एक उदाहरण मी प्रत्येक वर्गात सांगतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतताना तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्या धोक्याचा अंदाज स्लाइडवर मांडून वरिष्ठांना दाखवला. एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांतल्या ओळींत, लिहिलेलं होतं की चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि हा अंदाजे १९२० घन इंचांचा. ६४० पट मोठा. म्हणजे जुन्या चाचणीवरून या आघाताबद्दल काहीच ठामपणे म्हणता येत नव्हतं. चौकशी मंडळानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकानं केलेली तिची चिरफाड त्यात आहे. अपघाताची कारणं पुष्कळ होती, एका स्लाइडवर सगळा दोष टाकता येणार नाही. पण जे मथळ्यात असायला हवं होतं ते तळाशी गेलं होतं, हे विसरता येत नाही. आपली स्लाइड तयार झाली की मी मुलांना विचारतो, यातली सगळ्यात गंभीर ओळ कुठे आहे? ती खाली असेल तर वर आणायची, वाक्य पूर्ण करायचं आणि बाकीचं शक्य तितकं पुसून टाकायचं.

स्लाइड, फॉन्ट आणि वीज

स्लाइडबद्दल म्हणूनच फार सांगण्यासारखं उरत नाही. एका स्लाइडवर एक गोष्ट. अक्षर एवढं मोठं की शेवटच्या बाकावरून चष्म्याशिवाय वाचता यावं. आपल्याकडची सभागृहं दिवसा उजेडानं भरलेली असतात, पडदे नसतात, कधी पांढऱ्या भिंतीवरच प्रोजेक्टर मारतात. म्हणून फिक्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं. पिवळं, आकाशी, सावलीची अक्षरं लॅपटॉपवर सुंदर दिसतात आणि भिंतीवर नाहीशी होतात. जे स्लाइडवर आहे ते वाचून दाखवू नका. लोकांना वाचता येतं, आणि ते तुमच्यापेक्षा लवकर वाचतात.

एका गोष्टीवर मात्र अडून बसतो. फॉन्ट. आपल्या भागात दुकानावर टायपिंग करून घेतलं, की ते अजूनही हमखास कृतिदेवमध्ये होतं. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे फाइल उघडली, की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. एका कचेरीत माझ्यासोबतच्या एका तरुणाचं असंच झालं. पाच अधिकारी समोर, पडद्यावर एकही शब्द वाचता येत नाही, आणि तो पोरगा घामाघूम. चूक त्याची नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून टायपिंग युनिकोडमध्ये करून घ्या. मंगल असो, नोटो असो, युनिकोड असलं म्हणजे झालं. जुनी फाइल कृतिदेवमध्ये असेल तर ती कन्व्हर्टरनं बदलून घ्या आणि जोडाक्षरं स्वतः तपासा, बदलताना तीच बिघडतात. शिवाय पीडीएफ करून ठेवा, कारण पीडीएफमध्ये अक्षरं सहसा जशीच्या तशी राहतात. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक स्वतःला ईमेलनं, एक फोनमध्ये.

आणि वीज. पावसाळ्यात गेली तर कधी येईल सांगता येत नाही. प्रोजेक्टर बंद पडला तर बोलणं बंद पडायला नको. आदल्या संध्याकाळी एक तालीम लॅपटॉप न उघडता करा. ती जमली तर दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर चालो न चालो, तुम्ही उभे राहाल.

हिंदीत बोलताना

आपल्याला बहुतेक वेळा हिंदीत बोलावं लागतं आणि आपण ती चांगली बोलतो. पण मराठी मनात असताना काही शब्द पाय घसरवतात. मराठीत ‘संशोधन’ म्हणजे शोधाचं काम, हिंदीत तो शब्द बहुधा दुरुस्तीसाठी, कायद्यातल्या बदलासाठी येतो. ‘मैंने चिन्नोर पर संशोधन किया है’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं यानं काहीतरी सुधारलं. तिथे ‘शोध’ म्हणा. आपली ‘आपत्ती’ म्हणजे संकट; ‘आपत्ति है’ म्हटलं की साहेबाला ऐकू येतं, याची हरकत आहे. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड. ‘प्रकृती’ आपल्याकडे तब्येत, तिकडे निसर्ग. तयारी करताना असे आपले दहा-बारा शब्द कागदाच्या कडेला लिहून ठेवले की पुरतं.

संख्यांचं त्याहून अवघड आहे. घाबरलेला माणूस संख्या नेहमी आईच्या भाषेत मोजतो. कागदावर ४७ लिहिलंय. डोळा बघतो, मनात ‘सत्तेचाळीस’ उमटतं, तोंडाला ‘सैंतालीस’ म्हणायचंय. मधला जो अडखळा होतो त्यात सगळी लय जाते, आणि समोरच्याला वाटतं की याला आपलाच आकडा ठाऊक नाही. उपाय एवढाच की बोलायच्या कागदावर संख्या अंकात न लिहिता ज्या भाषेत बोलायचं त्या भाषेत अक्षरात लिहा. ‘उनचास’, ‘उनसठ’, ‘उनासी’ यांत तर भल्याभल्यांची गडबड होते. शक्य तिथे ‘करीब पचास’ म्हणा, नेमका आकडा स्लाइडवर असू द्या.

इंग्रजीत बोलायची वेळ आली तर छोटी वाक्यं करा. उच्चाराची चिंता सोडा. तुमचा स्वर वैनगंगेकाठचा आहे तो तसाच राहू द्या. लोकांना मुद्दा कळायला हवा, आणि मुद्दा घरच्या बोलीत पक्का झाला असेल तर तो कुठल्याही भाषेतून पोचतो.

उभं राहिल्यावर

गाडगेबाबांची कीर्तनं आपल्या विदर्भाच्या मातीतली. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. वऱ्हाडी बोली, हातात कसलाही कागद नाही, आणि निम्मं कीर्तन प्रश्नांचं. ते लोकांना विचारायचे आणि थांबायचे. लोक उत्तर द्यायचे. त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. कर्ज, दारू, देवापुढचे बळी यांच्याबद्दल ते लोकांकडूनच वदवून घ्यायचे. माझ्या मते सादरीकरण शिकायचं तर यापेक्षा मोठी शाळा नाही. आपण प्रश्न विचारतो तेव्हा उत्तराची वाट न बघता पुढे जातो. थांबा. मनात पाच अंक मोजा. ती शांतता तुम्हाला लांब वाटते, समोरच्याला विचार करायला तेवढीच लागते.

आवाजासाठी दिवाळीनंतरच्या मंडईतली नाटकं आठवा. झाडीपट्टीचे नट शेवटच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बोलतात. माइक हनुवटीपाशी धरा, तोंडाला चिकटवू नका. पंख्याचा आवाज असेल तर सुरुवातीलाच दोन पंखे बंद करायला सांगा. लाजू नका, मागच्या रांगेतले मनातून आभार मानतील. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ असू द्या, मधलं पाठ करू नका. पाठ केलेलं विसरलं की माणूस आंधळा होतो, समजलेलं विसरलं तर दुसऱ्या वाटेनं सांगता येतं. व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव घेऊन अभिवादन करण्यात तीन मिनिटं घालवू नका. सगळ्यांना मिळून एक मनापासूनचा नमस्कार पुरतो. हात थरथरत असतील तर हातात सुटा कागद नको, जाड पुठ्ठ्याचं कार्ड धरा.

चिन्नोरच्या त्या दीदींनी असंच कार्ड केलं होतं, जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर. त्यावर फक्त संख्या होत्या, हिंदीत, अक्षरात. बावीस स्लाइडच्या चार झाल्या होत्या: शेतात उभं धान, तांदळाचे दाणे, जीआयचं प्रमाणपत्र आणि भाव. त्या दिवशी सकाळीच घरून चिन्नोर रांधून नेला होता. गंज टॉवेलमध्ये गुंडाळलेला. बोलायची पाळी आली तेव्हा त्यांनी काही न म्हणता झाकण काढलं आणि गंज पहिल्या टेबलावर ठेवला. वाफ वर आली. मागच्या रांगेतला एक जण उठून पुढे आला. मग त्या म्हणाल्या, ‘हमारे यहाँ ये पकता है तो पूरी गली को मालूम पड़ जाता है.’ पोवारीतलं त्यांचं पहिलं वाक्य, हिंदीत आणलेलं. त्यानंतर त्यांनी उशीर, लोळणं, कमी उतारा सगळं सांगितलं, काहीही न लपवता, आणि म्हणून भाव असा, असं सांगून थांबल्या.

प्रश्न लगेच आला. एका खरेदीदारानं विचारलं की मिसळ झाली नाही याची खात्री काय? याची तालीम आम्ही केली नव्हती. त्यांनी भाच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ‘दूसरा धान मिला होगा तो भात में खुशबू ही आधी रह जाएगी,’ म्हणाल्या, ‘आप घर ले जाके पका के देखो, फिर बात करो.’ आणि टेबलाखालून तांदळाच्या छोट्या पिशव्या काढल्या. प्रत्येक पिशवीवर गटाचं नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेला होता, बॉलपेननं, दोनदा गिरवून.